काहीच वाटत नाही तेव्हा: हा बधिरपणा आहे की शांतपणा, आणि पुढे काय करायचं

आईच्या दहाव्याला आम्ही संगम माहुलीच्या घाटावर होतो. पिंड मांडून झाले होते, सगळे मागे सरून उभे होते आणि कावळा काही शिवत नव्हता. मामा हात जोडून काहीतरी पुटपुटत होते. धाकट्या बहिणीचं रडू थांबत नव्हतं. शेवटी एक कावळा आला, दोनदा मान वाकडी केली आणि भाताचं ढेकूळ चोचीत धरून झाडावर जाऊन बसला. सगळ्यांना एकदम भरून आलं. मी बघत होते की त्याच्या उजव्या पायाचं एक बोट तुटलेलं आहे. मनात दुसरं काही नव्हतं.

परतताना आत्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "किती खंबीर आहेस गं. चार वर्षं तिचं सगळं केलंस, आणि आताही बघ, डोळ्यात टिपूस नाही."

ती मनापासून म्हणाली आणि मलाही ते पटलं. दोन महिन्यांनी लेकीला नोकरी लागली. तिनं फोनवर अक्षरशः किंचाळून सांगितलं आणि मी म्हटलं, "छान. पगार कधीपासून?" पलीकडे ती गप्प झाली, आणि तेव्हा पहिल्यांदा मला स्वतःबद्दल शंका आली. दुःख होत नव्हतं तोवर मी त्याला खंबीरपणा म्हणत होते. आनंदही होईना, तेव्हा त्याला काय म्हणायचं?

मी डॉक्टर नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे सहा महिने जाऊन जे शिकले, वाचलं आणि करून पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. घटना दिसतात, समजतात, पण आत काही हलत नाही, प्रतिक्रिया द्यावी असं वाटतच नाही, अशा अवस्थेत कोणी असेल तर त्याच्या हाताशी काहीतरी असावं म्हणून.

आधी शब्दांचा गुंता

'उदासीन' हा एकच शब्द आपण तीन अर्थांनी वापरतो. मूळ संस्कृतात उत् अधिक आसीन, म्हणजे वर, बाजूला बसलेला. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताचा गुण म्हणून येतो. वर्तमानपत्रात 'प्रशासन उदासीन' म्हणजे कुणाला काही पडलेलं नाही. आणि घरात 'ती हल्ली उदास असते' म्हणजे खिन्न असते. बाहेरून तिन्ही माणसं सारखीच दिसतात: गप्प, स्थिर, न चिडणारी. म्हणूनच ओळखण्यात चूक होते.

ही चूक आजची नाही. पाचव्या शतकात बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात लिहून ठेवलंय की मैत्री, करुणा, मुदिता आणि समता या चारही सद्गुणांना दूरचे शत्रू असतात आणि जवळचेही. समतेचे, म्हणजे मनाच्या समतोलाचे, दूरचे शत्रू म्हणजे लोभ आणि द्वेष. ते लगेच ओळखू येतात. जवळचा शत्रू म्हणजे अजाणतेपणातून आलेली बेपर्वाई. ती समतेसारखीच दिसते, म्हणून घरात येऊन बसली तरी कळत नाही.

सगळ्यात आधी: मोठे निर्णय थांबवा

हे पहिल्या पायरीच्याही आधी सांगते, कारण इथे मी स्वतः ठेच खाल्ली. आई गेल्यावर महिन्याभरात भावाचा मेसेज आला की जुन्या घराचं हक्कसोडपत्र करून टाकू का. मी मिनिटभरात 'चालेल' लिहून मोकळी झाले. विचार केला नाही असं नाही. केला, पण हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, आत दोन्हीचं वजन सारखंच होतं.

मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दामासिओ यांनी असे रुग्ण अभ्यासले होते ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. त्यांची बुद्धी शाबूत होती, तर्क बिनचूक होता, पण भावना जवळजवळ गेल्या होत्या. अशा एका रुग्णाला पुढची भेट कुठल्या दिवशी ठेवायची एवढंही ठरवता येईना. दोन्ही तारखांचे फायदे-तोटे तो सांगतच राहिला. आपण तसे रुग्ण नाही. पण आतून येणारी 'हे नको' ही सूचना बंद असेल तर आपलेही निर्णय भरकटतात. घर, जमीन, नोकरी सोडणं, लग्न ठरवणं किंवा मोडणं, सगळं तीन महिने पुढे ढकला. कुणी घाई केली तर "सध्या मला ठरवता येत नाहीये" एवढंच सांगा. हे खोटं नाही, आणि बहुतेक लोक ऐकतात.

पायरी पहिली: कोणत्या खोलीत आहोत ते बघा

चार प्रश्न. उत्तरं मनात देऊ नका, कागदावर लिहा.

आनंद पोचतो का? ही सगळ्यात खरी कसोटी. शांत माणसाला नातवाचं बोबडं बोलणं, पहिला पाऊस, चांगला मुरलेला मुरांबा आवडतो. त्याच्या मागे तो धावत नाही, एवढंच. बधिर माणसाला यातलं काही लागत नाही. भावनांना वेगवेगळे नळ नसतात. एक बंद करायला जावं तर सगळेच बंद होतात.

शरीरात काही उठतं का? कुणी टाकून बोललं तर शांत माणसाच्या छातीत कळ येते, त्याला ती कळते, आणि ओसरते. बधिरपणात कळ उठलेलीच समजत नाही.

गरज पडली तर हलता येतं का? समोर अन्याय होतोय, मुलाला ताप आहे, आपले पैसे बुडतायत. शांत माणूस अशा वेळी उठतो, कधीकधी इतरांपेक्षा आधी उठतो. बधिर माणूस बघत राहतो, किंवा यंत्रासारखं करून टाकतो आणि नंतर केल्याचं आठवत नाही.

आणि चौथा, जवळची माणसं जवळ वाटतात का? की काचेपलीकडे असल्यासारखी? काही जणांना स्वतःचे हातही परके वाटतात, आपणच आपल्याला दुरून बघतोय असं वाटतं. मोठ्या ताणानंतर, भीतीच्या झटक्यानंतर, गांजानंतर असं थोडा वेळ होऊ शकतं. पण ते टिकून राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

चारही उत्तरं 'हो' असतील, शेवटच्या प्रश्नात माणसं जवळचीच वाटत असतील, तर अभिनंदन. तुमचा स्वभाव शांत आहे किंवा झालाय. "तुला कशाचंच काही नाही" असं कुणी म्हणालं म्हणून स्वतःत दोष शोधत बसू नका. तुम्ही शेवटचे दोन भाग वाचले तरी पुरे.

पायरी दुसरी: सात दिवसांची वही

मला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हे दिलं आणि मला ते पोरकट वाटलं. पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं.

दिवसातून तीनदा, जेवणाच्या वेळांना जोडून, चारच गोष्टी लिहायच्या: काय घडलं, शरीरात काय झालं, किती वाटलं (शून्य ते दहा), मी काय केलं. 'का' लिहायचं नाही. 'का' लिहायला लागलं की आपण वकिली करतो.

माझ्या वहीतल्या काही ओळी जशाच्या तशा:

'सोमवार सकाळ. दूधवाल्यानं बिल चुकीचं लावलं, वर भांडला. शरीर: काही नाही. ०. पैसे दिले.'

'सोमवार दुपार. शेजारची छोटी पायऱ्यांवर पडली, गुडघा फुटला. शरीर: माझे हात आधीच पुढे गेले होते. १. हळद लावली.'

'बुधवार रात्र. आईचं नऊवारींचं बोचकं सोडलं. शरीर: दातावर दात. ०.' आणि त्या शून्यावर काट मारून २.

हा खोडलेला शून्य बघून डॉक्टर म्हणाले, "इथून सुरू करू." दातावर दात दाबलेले होते, म्हणजे शरीराला सगळं कळत होतं. वर बातमी पोचत नव्हती. आठवड्याच्या शेवटी तुम्हीही वही अशीच वाचा. आकडा शून्य आहे पण शरीराच्या रकान्यात काहीतरी लिहिलंय, अशा जागा शोधा: खांदे वर चढलेले, पोट आवळलेलं, एकदम झोप आलेली. हो, अवेळी आलेली झोपसुद्धा. मला भावाचा फोन ठेवला की दहा मिनिटांत गाढ झोप लागायची.

पायरी तिसरी: रक्त, गोळ्या, झोप

मनाचं म्हणून बसू नका, आधी शरीर तपासा. थायरॉइड कमी असेल तर सुस्ती येते, थंडी सोसत नाही, मन मंद होतं. बी-१२ कमी असणं शाकाहारी घरांत अगदी नेहमीचं आहे आणि तेही माणसाला थकवून निरुत्साही करतं. फॅमिली डॉक्टरांना सांगून थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि हिमोग्लोबिन एवढ्या तपासण्या करून घ्या. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांनी पाळीतले बदलही सांगावेत. साठीनंतर एखादं माणूस नव्यानेच असं निर्विकार झालं असेल तर ते 'वयानुसार' म्हणून सोडू नका. स्मृतिभ्रंश, पार्किन्सन किंवा लहानसा पक्षाघात यांची ती सुरुवात असू शकते.

मग गोळ्या. नैराश्यासाठी दिली जाणारी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधं बऱ्याच जणांना तारतात, पण त्यांतल्या काहींना 'रडूही येत नाही आणि हसूही येत नाही' असं सपाट करून सोडतात. हा माहीत असलेला परिणाम आहे, तुमच्या मनाचा खेळ नाही. डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. मात्र स्वतःहून गोळी अचानक बंद करू नका. चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, चिडचिड, मूळ आजार उलटणं, हे सगळं होऊ शकतं. रोजची दारूही याच यादीत धरा. ती आधी दुःख बोथट करते, मग बाकीचं सगळं.

झोपेबद्दल एवढंच: चार वर्षं मी आईच्या हाकेसाठी एक कान उघडा ठेवून झोपले. असा अर्धवट झोपलेला मेंदू भावना नीट सांभाळू शकत नाही. शुश्रूषा करणाऱ्या माणसांत बधिरपणा का येतो याचं निम्मं उत्तर मला तरी इथे सापडलं.

पायरी चौथी: ही घरी हाताळायची गोष्ट आहे का?

जगभर डॉक्टर वापरतात ती पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत काय झालं ते विचारते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पहिलाच प्रश्न आहे की गोष्टींतला रस किंवा आनंद कमी झालाय का. म्हणजे नैराश्यात रडूच यायला हवं असं नाही, काहीच न वाटणं हेही त्याचंच तोंड. बेरीज १० किंवा जास्त आली तर तज्ज्ञाला भेटा. माझी १४ होती, आणि मी स्वतःला खंबीर समजत होते.

नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आणि स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. त्याला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. काही जण 'निदान काहीतरी जाणवावं' म्हणून स्वतःला दुखवतात. त्यांनीही थांबू नये. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.

अपघात, हिंसा, अत्याचार यांनंतर आलेला बधिरपणा एकट्यानं उकरू नये. तिथे मनानं टाके घातलेले असतात. ते माणसासमोर, हळूहळू आणि जाणत्या हातानेच काढायचे.

माणूस गेल्यावर सुरुवातीचे आठवडे सुन्न जाणं मात्र स्वाभाविक आहे. पण महिनोन्‌महिने तीच अवस्था राहिली तर त्याला आता वेगळं नावही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतर आणि अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या आवृत्तीत बारा महिन्यांनंतर ते 'लांबलेलं दुःख' धरतात, आणि भावना बधिर होणं हे त्याचं एक लक्षण मानतात.

पायरी पाचवी: मराठीनं काढलेला नकाशा

इथे जरा रेंगाळते, कारण मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला.

डॉक्टर विचारायचे, "काय वाटतंय?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "काही नाही." एकदा त्यांनी प्रश्न बदलला. "पोटात गोळा आला होता का?" मी म्हटलं, "गोळा नाही, पण खड्डा पडल्यासारखं झालं." म्हणाले, "म्हणजे काहीतरी वाटलं."

त्या दिवशी घरी येऊन मी यादी करायला बसले. छातीत धस्स होणं. काळजात चर्र होणं. घशाशी आवंढा येणं. पोटात कालवणं. कानशिलं तापणं. तळपायाची आग मस्तकात जाणं. अंगावर काटा येणं. हातपाय गळणं. तोंडचं पाणी पळणं. जीव भांड्यात पडणं. आपल्या आज्या-पणज्यांनी भावना थेट अवयवांवर नोंदवून ठेवल्या आहेत. ज्याला वर 'दुःख', 'राग' असे मोठे शब्द सापडत नाहीत, त्यानं या खालच्या दारानं जावं.

करायचं असं. दिवसातून दोनदा, पाच मिनिटं, बसून किंवा पडून. कपाळ, जबडा, घसा, छाती, पोट, तळहात, तळपाय, या क्रमाने प्रत्येक जागी थोडं थांबायचं आणि विचारायचं: गरम की गार, घट्ट की सैल, जड की हलकं? उत्तर 'माहीत नाही' आलं तरी पुढच्या जागी जायचं. मला पहिले नऊ दिवस जबडा सोडून काहीच सापडलं नाही.

जोडीला इंद्रियांना थोडं काम द्या. मनगटावर गार पाणी, पायाला गरम पाण्याचा शेक, आणि वास. बाकीच्या संवेदना मेंदूत एका मधल्या स्थानकावरून जातात, वास मात्र जवळजवळ थेट आठवण आणि भावना सांभाळणाऱ्या भागात पोचतो. म्हणूनच एखाद्या जुन्या पेटीचं झाकण उघडलं की माणूस तीस वर्षं मागे जातो. मी तीन वास ठरवले होते: हिंगाची फोडणी, ओली माती, आणि आई लावायची तो आयुर्वेदिक बाम. शेवटचा डबीतून उघडायला मला तीन आठवडे लागले आणि ते ठीकच होतं.

जाणवायला लागलं की नाव द्या, आणि नेमकं द्या. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, हळहळ, तगमग, घालमेल, वैताग, धास्ती, गहिवर हे सगळे वेगळे आहेत. रुखरुख राहिलेल्या गोष्टीची, हुरहूर येणाऱ्या किंवा गेलेल्याची, चुटपुट थोडक्यात हुकल्याची. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ साली मेंदूच्या चित्रांवरून दाखवलं की भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भयकेंद्राची खळबळ कमी होते. म्हणजे नाव दिल्यानं भावना अंगावर येईल ही भीती बाळगायचं कारण नाही.

पायरी सहावी: आधी हात, मग मन

'मूड आला की करीन' हे या अवस्थेत चालत नाही. मूड येणार नाही. उलट्या बाजूनं जायचं: आधी करायचं, वाटणं मागून येतं. नैराश्यावरच्या उपचारात ही पद्धत १९७० च्या दशकात पीटर लेविन्सन यांनी रुजवली. १९९६ मध्ये नील जेकब्सन यांच्या गटाला आढळलं की विचार बदलण्याची सगळी खटपट बाजूला ठेवून फक्त कृती वाढवली तरी रुग्ण तितकेच सुधारतात.

तीन कामं निवडा: एक हाताचं, एक पायाचं, एक माणसांतलं. प्रत्येकी दहाच मिनिटं. करण्याआधी अंदाज लिहा की किती बरं वाटेल, केल्यावर प्रत्यक्ष आकडा लिहा. माझी कामं होती लसूण सोलणं, अजिंक्यताऱ्याच्या चढावर थोडं चालणं आणि वाण्याकडे यादी न पाठवता स्वतः जाणं. पहिल्या आठवड्यात अंदाज सगळीकडे शून्य. प्रत्यक्षात चालण्याला तीनदा २ आले. एवढ्यावर पुढचा आठवडा निघाला.

आणि हे करू नका. रडू यावं म्हणून मुद्दाम दुःखी सिनेमे बघत बसू नका. रडू आलं नाही की अपराधी वाटतं, बाकी काही होत नाही. अपघातांचे व्हिडिओ, रात्रंदिवस बातम्या बंद करा, त्यांनी कातडी आणखी जाड होते. 'मन शांत करायला' या अवस्थेत थेट दहा दिवसांच्या मौन शिबिरालाही जाऊ नका. विपश्यनेच्या प्रवेशअर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा.

पायरी सातवी: एका माणसाला सांगा

एकालाच, आणि उपाय सांगत सुटणार नाही अशाला. मी बहिणीला सांगितलं. वाक्य आधी वहीत लिहून घेतलं होतं: "मला आईचं दुःख नाही असं नाही. मला काहीच जाणवत नाहीये, आणि त्याची भीती वाटते. तू काही करू नकोस, फक्त तुला माहीत असू दे." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, मला दहाव्याला तुझा राग आला होता." तो राग तिने तीन महिने धरून ठेवला होता. खूप दिवसांनी माझ्या घशाशी काहीतरी आलं, ते तिथे.

लेकीलाही सांगितलं. नोकरीच्या फोनबद्दल माफी मागितली. मुलं आपल्या सपाट चेहऱ्याचा अर्थ 'मी आईला आवडत नाही' असाच लावतात, वय कितीही असो. त्यांना अंधारात ठेवू नये.

परत येतं तेव्हा

डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिल्यांदा चांगलं काही येणार नाही, चिडचिड आणि थकवा येईल. तसंच झालं. चौथ्या महिन्यात मी भांडी आपटायला लागले. घरातल्यांना वाटलं बिघडली. बिघडत नव्हते, जाग येत होती. खूप वेळ दुमडलेला पाय मोकळा केला की आधी मुंग्याच येतात.

रडू आलं ते पाचव्या महिन्यात, उकडलेला बटाटा कुस्करताना. चार वर्षं आईसाठी मी तो बिनमिठाचा कुस्करत होते. त्या दिवशी हात सवयीनं मिठाच्या डब्याकडे न जाता थांबला, आणि मग लक्षात आलं की आता मीठ घालायला हरकत नाही. गॅसवर तेल तापलेलं होतं.

अशा वेळी काय करायचं ते सांगते. गॅस बंद करा. खाली बसा, जमिनीवर बसलात तर उत्तम. कुणाला फोन करून समजावत बसू नका, लाट जाऊ द्या. पाणी प्या. त्या दिवशीची बाकीची कामं सोडून द्या, संध्याकाळी अंग मोडून येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा काही वाटेनासं झालं तर घाबरू नका, दार उघडझाप करतच उघडतं.

आणि आता, प्रतिक्रिया न देण्याबद्दल

जाणवायला लागल्यावर मगच हे शिकायचं. क्रम उलटा केला तर बधिरपणाच पक्का होतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर आणि सत्यनारायण गोयंका यांच्या विपश्यना परंपरेतल्या इतर केंद्रांवर दहा दिवसांत काय करतात बघा: पहिले तीन दिवस नुसता श्वास, नाकाशी होणारा बारीकसारीक स्पर्श टिपायचा. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना शोधायच्या, आणि त्यांवर प्रतिक्रिया न देता बघायचं. म्हणजे ज्यांनी समता शिकवण्यालाच वाहून घेतलंय, तेही आधी जाणवणं बारीक करून घेतात. जिथे काही जाणवतच नाही तिथे समता कशाच्या बाबतीत ठेवणार?

घरच्या घरी चार टप्पे पुरतात. घटना, अंगातली खूण, ओढ, निवड. सहाव्या महिन्यात भावाचा त्याच घराबद्दल पुन्हा मेसेज आला, रात्री पावणेबाराला. घटना ती. कानशिलं तापली, ही खूण. अंगठा आपोआप अक्षरांवर गेला, ही ओढ. मी फोन पालथा ठेवला, कानशिलांकडेच लक्ष दिलं, ती निवेपर्यंत बसले. सकाळी चहा झाल्यावर लिहिलं: 'मागे मी चालेल म्हटलं होतं, तेव्हा मी भानावर नव्हते. मला घरावरचा हक्क सोडायचा नाही. रविवारी ये, बोलू.' बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळेस मी तेवढीच शांत दिसले असते.

सरावाला छोटे प्रसंग घ्या. सिग्नलला मागून वाजणारा हॉर्न, सोसायटीच्या ग्रुपवरचा टोमणा, सासूबाईंचं "आमच्या वेळी असं नव्हतं". दिवसातून एक पुरे. खूण सापडली नाही आणि सरळ शांतच वाटलं, असं सलग आठवडाभर झालं, तर पुन्हा पहिल्या पायरीचा पहिला प्रश्न विचारा.

घरात असं कुणी असेल तर

"रड, मोकळी हो" म्हणू नका. "तुला काहीच कसं वाटत नाही?" हे तर नकोच, तो प्रश्न ती रोज स्वतःला विचारतेय. "किती खंबीर" हेही टाळा. त्या एका शब्दामुळे मी तीन महिने मदत मागितली नाही. शेजारी बसून लसूण सोला. वैद्यकीय तपासणीला सोबत जा. आणि प्रश्न विचारायचाच तर छोटा विचारा, ज्याचं उत्तर देता येईल असा. माझी लेक आता फोनवर "कशी आहेस?" विचारत नाही. ती विचारते, "जबडा कसा आहे आज?"